हरण्याला धाप लागली

"मिस्त्री, चालू हाय तवर बघून घ्या! बंद पडली तर परत सुरू हुईल का न्हाय, माझा भरोसा न्हाय!"

बसाण्णा केबिनच्या दारातून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडत होता. मी हात पुसत बाहेर येईपर्यंत ट्रक गॅरेजच्या फाटकात शिरला, दोनदा हुंदके दिल्यासारखा हलला आणि फाटकाच्या बरोब्बर मधोमध बंद पडला. अर्धा आत, अर्धा रस्त्यावर. आता दुसरी कुठलीही गाडी आत येणार नव्हती आणि आतली बाहेर जाणार नव्हती. म्हणजे बाकीची कामं बाजूला ठेवून आधी हाच ट्रक बघणं आलं. बसाण्णाची सगळी कामं अशीच व्हायची.

माझं गॅरेज तेव्हा शिरोली नाक्याजवळ होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. एमआयडीसीत नवे नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांचा माल वाहणारे जुने ट्रक माझ्याकडे यायचे. डिझेल इंजिन हा माझा धंदा आणि माझा गर्वही. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतो, असं मी चारचौघांत म्हणायचो. लोक मान डोलवायचे, त्यामुळे मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

बसाण्णाचं घर उचगावला. मूळची माणसं निपाणीकडची, त्यामुळे घरात निम्मं कानडी. आधी त्यांची बैलगाडी होती. ती बैलजोडी विकून बसाण्णानं हा जुना ट्रक घेतला. जोडीतल्या एका बैलाचं नाव हरण्या होतं. बसाण्णाच्या आईनं, म्हणजे आव्वानं, तेच नाव ट्रकला दिलं. समोरच्या पाटीवर पेंटरकडून लिहूनही घेतलं. त्यामुळे बसाण्णा तक्रार सांगायला लागला की नवख्या माणसाला तो जनावरांच्या दवाखान्यात उभा आहे असं वाटायचं.

"काय होतंय?" मी विचारलं.

"हरण्याला धाप लागतीया."

"नीट सांग की."

"आठ-धा मैल झ्याक पळतोय. मग वढ कमी हुती, धापा टाकतोय आणि गप बसतोय. जरा इसावा दिला की परत सुरू."

"कधीपासनं?"

"बेंदराच्या दुसऱ्या दिवसापासनं."

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा ज्येष्ठातला बैलांचा सण. हे उत्तर मी ऐकलं आणि सोडून दिलं. सणावारी गाड्या बंद पडतातच, ड्रायव्हर सुट्टीवरून आलेला असतो.

ड्रायव्हर दादू तिथंच उभा होता. त्याचं म्हणणं वेगळं होतं. "मिस्त्री, ह्याला च्याची सवय लागलीया. जितं च्याचं हॉटेल दिसलं तितं थांबतोय. आमी च्या पिऊन आलो की सुरू."

"त्याला न्हाय, तुला सवय लागलीया!" बसाण्णा त्याच्या अंगावर धावला. "मुद्दाम बंद पाडतोस आणि भजी खात बसतोस!"

"माझी आन! मी निस्ता च्या पितोय. भजी परवाच्याला खाल्लती."

भांडण ऐकत बसलो असतो, पण बसाण्णानं मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. "मिस्त्री, पोराचं लगीन हाय. पुढच्या सोमवारी. हुपरीची पोरगी हाय."

"मग चांगलं आहे की."

"चांगलं कुठलं? परवा बस्त्याला ह्याच गाडीतनं पावण्यास्नी कोल्हापूरला आणलतं. कापडं घेऊन जाताना गाडी बंद. नवरीच्या मामानं धक्का दिला. पांढरंशिप्पट धोतार. गाडी एकदम सुरू झाली आणि मामा शेणात."

मी हसू दाबलं. त्याला ते दिसलं.

"हसू नका. पोरीचा बा तवाच म्हणाला, 'बसाण्णा, ह्यो आषाढातला शेवटचा मुहूर्त. चुकला तर पुढचा दिवाळी झाल्यावर. तवर मी काय पोरगी घरात ठेवून घ्यायचा न्हाय. दुसरं स्थळ दारात उभं हाय.' आता बोला."

"मग एक दिवस भाड्याची बस कर की."

बसाण्णानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नवरदेवाला गाढवावर बसवा म्हणालो होतो. "घरचा ट्रक असताना वऱ्हाड दुसऱ्याच्या गाडीतनं? हुपरीत तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल व्हय? आणि आव्वा ऐकंल? ती म्हणती, हरण्याच्या पाठीवरनंच नातवाला न्यायचं."

त्या काळी ट्रकमधून वऱ्हाड न्यायची रीतच होती. खाली पेंढा, वर जाजम, कडेला बायका-पोरं, मागं बँडवाले. तेव्हा प्रश्न नुसत्या इंजिनाचा नव्हता. गाडी वाटेत थांबली, तर एक लग्न दिवाळीपलीकडं जाणार होतं किंवा मोडणार होतं. मी ट्रक आत ढकलून घेतला.

डिझेल इंजिन चालता चालता थांबलं, तर नव्वद टक्के वेळा त्याला डिझेल पोचत नसतं. टाकीतून नळीनं डिझेल येतं, फीड पंप ते ओढून घेतो, फिल्टर ते गाळतो आणि मोठा पंप इंजिनात सोडतो. या वाटेवर कुठं कचरा अडकला किंवा हवा शिरली की खेळ संपला. म्हणजे वाट तपासायची, टोकापासून टोकापर्यंत. काम कंटाळवाणं, पण अवघड नाही.

मी फिल्टर उघडला. घाण होता, बदलला. फीड पंप खोलला, आतला वॉशर बदलला. नळ्या फुंकून बघितल्या. एका नळीच्या जोडावर संशय आला, तो जोड नवा केला. शेवटी टाकी. ती केबिनच्या मागं बाजूला असते. तिचं झाकण बघून मी जरा थबकलो. झाकणावर हळद, कुंकू, खाली काहीतरी पिवळट, चिकट, वाळून कडक झालेलं, त्यावर एक फुलाची पाकळी.

"हे काय?"

"आव्वाची पूजा हाय," बसाण्णा म्हणाला. "लगीन हुईस्तवर पुसायचं न्हाय, असं सांगिटलंय. गाडी बी धुवायची न्हाय." यंदा पावसानंही दडी मारली होती, त्यामुळे वरून धुऊन जायचाही प्रश्न नव्हता.

देवाधर्माच्या गोष्टीत मी हात घालत नाही. झाकण दोन्ही हातांनी अलगद काढलं आणि गॅरेजमध्ये भिंतीवर देवीची तसबीर होती, तिच्याखालच्या फळीवर ठेवून दिलं. संध्याकाळी उदबत्ती लावताना त्यालाही ओवाळलं. टाकीच्या तोंडाला चिंधीचा बोळा लावला. टाकी रिकामी केली, धुतली, तळाला मूठभर गाळ निघाला. तो गाळ मी बसाण्णाला दाखवला. मिस्त्रीच्या आयुष्यात गिऱ्हाइकाला गाळ दाखवण्याइतकं सुख नाही.

मग ट्रायल. दादू चालवायला, मी शेजारी, बसाण्णा मागं हौद्यात उभा. सांगलीच्या रस्त्यानं हातकणंगल्यापर्यंत गेलो आणि परत आलो. हरण्या एकदाही थांबला नाही. चहाचं प्रत्येक हॉटेल दिसलं की दादू आशेनं बघायचा, पण गाडी पुढं निघून जायची. परत आल्यावर बसाण्णानं मला मिठी मारली. मी देवीच्या फळीवरचं झाकण काढलं, टाकीला बसवलं आणि गाडी दिली.

दुसऱ्या दिवशी दादू सायकलवरून आला. तोंड पडलेलं.

"बंद पडली?"

"व्हय. पर च्या झ्याक हुता तितला."

गाडी ओढून आणली. मी परत सगळं खोललं. पुन्हा झाकण देवीपाशी, पुन्हा बोळा, पुन्हा ट्रायल, पुन्हा हरण्या घोड्यासारखा पळाला. गाडी घरी गेली की बंद, माझ्याकडे आली की चालू. आता माझी झोप उडायला लागली. शेजारचा वेल्डर येऊन म्हणाला, "मिस्त्री, गाडीला तुमची वढ लागलीया. तुमीच घरी ठेवून घ्या." मोठा पंप खोलायची वेळ आली होती, पण तो खोलला तर सोमवारपर्यंत जुळणार नाही. बसाण्णाला मी तसं सांगितलं.

"मग एकच उपाय," बसाण्णा म्हणाला. "तुमी वऱ्हाडात चला."

"मी?"

"तुमी जवळ असला की ती बंद पडत न्हाय. पाना-पेंचीस घ्या आणि बसा. फेटा मी देतो."

असा मी फेटा बांधून, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन, एका अनोळखी लग्नाला निघालो.

सोमवारी सकाळी उचगावात ट्रक सजून उभा होता. केळीचे खुंट, आंब्याची पानं. पुढच्या दोन्ही मडगार्डांना हिरमुजी रंगाचे पट्टे ओढले होते. बैलाच्या शिंगांना ओढतात तसे. बसाण्णानं अभिमानानं सांगितलं, "काळजीच न्हाय, टाकी काठोकाठ भरलीया!" मी कौतुक केलं. आव्वा केबिनमध्ये मध्ये बसली, एका बाजूला दादू, दुसऱ्या बाजूला मी. सत्तरीची, काटक, कपाळावर भस्माचे पट्टे. मला ती तम्मा म्हणायची, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं.

"तम्मा, हरण्या बरा हाय न्हवं?"

"एकदम बरा आहे आव्वा."

आम्ही निघालो. मागं बँड वाजत होता, बायका गात होत्या. मुडशिंगी मागं पडली आणि दादूनं पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबूनही ट्रक वेग घेईना. इंजिनाचा आवाज बसत गेला. मग धाप. मग दोन हुंदके. मग शांतता. मागचा बँड मात्र वाजतच होता, कारण त्यांना कळलंच नव्हतं.

"आयला," दादू म्हणाला, "आनी हितं हॉटेल बी न्हाय."

मी उडी मारून खाली उतरलो. वऱ्हाड उतरलं. मग जे होतं तेच झालं. प्रत्येकाला कारण माहीत होतं. नवऱ्याचा चुलता म्हणाला, वजन जास्त झालं, बँडवाल्यांना उतरवा. बँडमास्तर म्हणाला, आम्हाला कशाला, ढोल उतरवा. कुणीतरी म्हणालं, निघताना मांजर आडवं गेलतं. नवरदेव बाशिंग सावरत धक्का द्यायला मागं गेला, तर करवल्यांनी त्याला धरून ठेवलं. बसाण्णा रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता. ओरडत नव्हता. इतका आरडाओरडा करणारा माणूस गप्प बसला की बघवत नाही.

"मिस्त्री," तो म्हणाला, "मुहूर्ताला किती येळ हाय?"

"आहे अजून," मी म्हणालो. घड्याळाकडे बघितलंच नाही.

बॉनेट उघडलं. फीड पंपाचा हातानं दाबायचा दांडा दाबून बघितला. दाबला तो आतच राहिला, वर येईना. जणू पलीकडून कुणी धरून ठेवलाय. नळी तुंबली म्हणावं तर कालच फुंकली होती. मग टाकीत डिझेल तरी आहे का बघावं, म्हणून मी टाकीकडे गेलो. काठोकाठ भरलेल्या टाकीत डिझेल शोधायला जाणं म्हणजे डोकं चालायचं बंद झाल्याचं लक्षण. पण गेलो. झाकणाला हात घातला आणि फिरवलं.

सुस्स्स्स.

टाकीनं लांबलचक श्वास आत ओढला. बँड नेमका तेव्हा थांबला होता म्हणून ऐकू आलं. तिकडे पंपाचा अडकलेला दांडा टक् करून आपोआप वर आला.

मी झाकण हातात धरून तसाच उभा राहिलो. या झाकणाला एक बारीक भोक असतं. टाकीतलं डिझेल जसं कमी होतं, तशी त्या भोकातून तेवढी हवा आत यावी लागते. हवा आली नाही तर टाकीत पोकळी होते आणि पंपानं कितीही ओढलं तरी डिझेल येत नाही. भरल्या बाटलीचं तोंड ओठांनी घट्ट धरून पाणी ओढून बघा, म्हणजे कळेल. टाकी काठोकाठ भरली होती, त्यामुळे धाप आज लवकरच लागली. आणि थांबून चहा प्यायला की कुठूनतरी थोडी हवा शिरायची, गाडी सुरू. माझ्याकडे तर हे झाकण टाकीवर नव्हतंच कधी. ते देवीपुढं होतं. मी त्याला उदबत्ती ओवाळत होतो.

झाकण उलटं करून बघितलं. भोक दिसतच नव्हतं. वर तो पिवळट थर, वाळून सिमेंट झालेला. मी नखानं खरवडून वास घेतला. वेलदोडा. जायफळ. गूळ.

पुरण!

"बसाण्णा, ह्या झाकणाला पुरणपोळी कुणी लावली?"

बसाण्णानं उत्तर द्यायच्या आत आव्वा केबिनमधून उतरली. "मी चारली. बेंदराला बैलाला पोळी चारायची नसती व्हय? आनी दर सोमवारी जरा गूळ."

"झाकणाला?"

"मग कुटं? डिझेल कुटनं पितोय हरण्या? तितंच त्याचं तोंड."

तिचं चुकलेलं तरी काय होतं? मी पिशवीतून तार काढली आणि भोक मोकळं करायला लागलो, तर आव्वानं माझं मनगट धरलं. सत्तरीच्या बाईच्या हाताला इतकी ताकद असते, हे मला माहीत नव्हतं.

"थांब! तोंडातला घास काढतोस? लग्नाच्या दिवशी?"

"आव्वा, मग झाकण राहू दे, नुसता बोळा लावतो."

"तोंडात बोळा कोंबतोस? शिवा शिवा! बसू, कसला मिस्त्री आणलास रे?"

"आव्वा, सोड की त्याला," बसाण्णा काकुळतीला आला. "मुहूर्त जाईल."

"जाऊ दे. त्यो हरण्या इकला तवा बी तू असाच म्हणालतास, सोड की आव्वा. सोडला. कुटं गेला, कुणी नेला, इचारलं मी? आता ह्याच्या तोंडातला घास तरी ऱ्हाऊ दे."

बसाण्णानं मान खाली घातली. तिनं एका बैलाची माया उचलून या लोखंडाच्या गाडीला लावली होती आणि आम्ही पाने घेऊन ती माया खरवडायला निघालो होतो. पण मुहूर्त थांबत नव्हता. आणि त्या क्षणी मला जे सुचलं, ते माझ्या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत हुशारीचं वाक्य होतं. डिप्लोमाच्या पुस्तकात ते कुठंही नाही.

"आव्वा," मी म्हणालो, "हे त्याचं तोंड न्हाय. हे नाक हाय."

आव्वाची पकड ढिली झाली. "काय म्हणतोस?"

"नाक. हितनं त्यो श्वास घेतोय. हे बघा." मी झाकण घट्ट लावलं आणि पंपाचा दांडा दाबला. तो परत आत अडकला. मग झाकण सैल केलं. सुस्स्. दांडा वर आला. "ऐकलासा? नाकपुडी बुजलीया त्याची. म्हणून धाप लागती."

आव्वानं झाकण हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. तिचा चेहरा पार उतरला. "अय्यो यप्पा! मी नाकात पोळी कोंबली व्हय लेकराच्या?"

कुणाला काही कळायच्या आत तिनं अंबाड्यातला आकडा उपसला आणि स्वतःच्या हातानं ते भोक कोरायला लागली. पुरणाचे खडे पदराला पुसले. झाकणाला तोंड लावून जोरात फुंकर मारली, लहान पोराच्या नाकात फुंकतात तशी. पलीकडून हवा आरपार गेल्यावर झाकण माझ्या हातात दिलं आणि माझ्यावरच उखडली.

"तम्मा, इतकी वर्सं मिस्त्री हाईस, आठ दिस गाडी दारात बांधलीस, आनी नाक कुटलं, तोंड कुटलं, तुला आज कळलं?"

वऱ्हाडात हसण्याची लाट उठली. बसाण्णा सगळ्यात मोठ्यानं हसत होता. मी फेटा सावरून झाकण बसवलं. पंपाचा दांडा चार वेळा मारला, दादूनं स्टार्टर दिला आणि हरण्या पहिल्या झटक्यात उठला. हुपरी येईपर्यंत एक हुंदका नाही. नवरीचा बाप वेशीत मनगटावरच्या घड्याळात बघत उभा होता. शेजारी मामा होता, नवं धोतर नेसून, ट्रकपासून सुरक्षित अंतरावर.

"उशीर केलासा," नवरीचा बाप म्हणाला.

आव्वा केबिनमधून उतरत म्हणाली, "हरण्याचं नाक चोंदलं हुतं, पावणं. आता मोकळं हाय."

त्यानं ट्रककडे बघितलं, आव्वाकडे बघितलं आणि गंभीरपणे मान हलवली. "हवाच तसली हाय," म्हणाला. अक्षता वेळेवर पडल्या.

जेवणाच्या पंगतीत आव्वा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पुरणपोळी वाढायला आली असेल असं वाटलं. पण तिनं हळूच विचारलं, "तम्मा, मग तोंड कुटलं?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. डोळ्यांसमोरून अख्खा ट्रक गेला. रेडिएटर म्हणावं, तर पुरण पाण्यात जाऊन इंजिन भाजून निघेल. हवेचा फिल्टर म्हणावं, तर त्याहून वाईट. सायलेन्सरचा तर विचारच नको, ते दुसरंच टोक.

"बंपर," मी म्हणालो. "पुढचा बंपर. तितं कितीबी चारा."

तिचं समाधान झालं. माझं मात्र पुढच्या वर्षीपर्यंतच. पुढच्या बेंदराला आव्वानं उचगावातल्या सगळ्या ट्रकवाल्यांच्या घरी जाऊन मिस्त्रीनं सांगितलेलं तोंड दाखवून दिलं. सणानंतर आठवडाभर माझ्या गॅरेजला आलेल्या प्रत्येक ट्रकच्या बंपरला पुरण होतं आणि प्रत्येक ट्रकमागून दोन-चार कुत्री येत होती. एक तर कायमचंच राहिलं.

धंद्यातले लोक मला विचारतात, चालती गाडी बंद पडली तर आधी काय बघावं? मी सांगतो, टाकीचं झाकण सैल करा आणि कान द्या. सुस्स् आवाज आला, तर पाने पिशवीत ठेवा आणि घरी जाऊन विचारा, गाडीचे लाड कोण करतं. आणि हो, झाकण पुजलेलं असलं, तर नमस्कार जरूर करा. पण ट्रायल घेताना ते टाकीवर बसवूनच घ्या.